डोळा पद्मम्माच्या घरी

गिरिजा, आत्ता हिरवा ठिपका दिसतोय, म्हणून लिहायला बसले. अप्पा हॉलमध्ये आरामखुर्चीत आहेत, इथे कॉलेजात माझ्या फोनवर दिसतायत. मांडीवर पेपर आहे आणि तो मधूनमधून हलतोय. हलला नाही की माझा जीव खालीवर होतो. मी फोन पार डोळ्यांपाशी नेते, जणू एवढ्याशा चित्रात तुझ्या वडिलांचा श्वास दिसणार आहे. मग पान उलटतं आणि मी पुढचं वाक्य लिहिते. तू गेल्यापासून माझे दिवस हे असे ठिपक्यावर चालले आहेत.

तुझ्याबद्दल काहीतरी लिहून द्या, असं कॉलेजने मला सांगितलंय. कुठे शिकलीस, किती वर्षं नोकरी केलीस, कुठल्या समितीवर होतीस, ते सगळं ऑफिसवाले लिहितीलच. मला ते जमणार नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट टाकून तू उठून गेलीस. तशी ती तुझी सवयच होती. चहा अर्धा ठेवायचा, सर्व्हर रूमकडे पळायचं, आणि तासाभराने येऊन विचारायचं, "हं माधू, कुठे होतो आपण?" या वेळी चहा तसाच राहिला.

भांडण पत्त्यांचं होतं. तू कॉलेजचं नेटवर्क सांभाळायचीस, मी प्रोग्रॅमिंग शिकवायचे, आणि कुणी मिळालं नाही की नेटवर्कचा पेपरही माझ्या गळ्यात पडायचा. जाळ्यात आलेल्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, आणि तो पत्ता म्हणजे ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे, इथपर्यंत आपलं एकमत होतं. पुढे मात्र नव्हतं. माझं म्हणणं, पत्ते वाटायचं काम राउटरवर सोडावं. जो येईल तो मागेल, त्याला मोकळा असेल तो आकडा ठरावीक मुदतीने द्यावा, तो गेला की परत घेऊन दुसऱ्याला द्यावा. तुझं म्हणणं, पत्ता एकदा हाताने लिहून दिला की तो कायमचा.

"पत्ता म्हणजे काय लॉजची खोली आहे का ग?" तू म्हणायचीस. "आज ह्याला, उद्या त्याला?"

"आणि घटकाभर आलेल्या पाहुण्याला सातबारा कशाला लिहून देतेस?" मी म्हणायचे.

"अय्यो, सुम्ने इरु!" गप्प बस, हे तू मला नेहमी कन्नडमधूनच सांगायचीस.

कॉलेजात तुला माझं ऐकावं लागलं, कारण मुलांच्या एवढ्या फोनांना हाताने पत्ते कोण देणार. पण घरी तू ऐकलं नाहीस. तुझ्या सरस्वतीपुरमच्या घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना तू स्वतः आकडे दिलेस. एवढंच काय, पहिल्यांदा तुझ्याकडे वायफाय मागितलं तेव्हा माझा फोन हिसकावून घेतलास आणि त्याच्या सेटिंगमध्येही एक आकडा कायमचा कोंबलास. शेवटी सदतीस. मी विचारलं, सदतीसच का? तू म्हणालीस, "सुम्ने." उगाच. मी म्हणाले, अग मी पाहुणी, मला कसलाही आकडा चालेल. तू फोन परत दिलास आणि विषय बदललास.

खरं तर पत्ता या गोष्टीवर तू मला पहिल्या भेटीपासून हसत आलीस. आम्ही कराडहून इथे नवीन आलो होतो आणि तू मला गावचा पत्ता विचारला होतास. मी सांगितलं, मारुतीच्या देवळामागे, कुणालाही विचारलं तरी दाखवतील. तू हसून हसून वाकलीस. "आमच्याकडे विचारावं लागत नाही," म्हणालीस, "मोजलं की घर येतं." मग मला स्कूटरवर मागे बसवून सगळं सरस्वतीपुरम फिरवलंस. हा मेन, म्हणजे मोठा रस्ता, हा क्रॉस, म्हणजे त्याला छेदणारी गल्ली, हा पुढचा क्रॉस. मी तरी तुझं घर शेवटपर्यंत गेटाशेजारच्या सोनचाफ्यावरूनच ओळखत राहिले. गेटावरची नंबराची पाटी मधुमालतीने झाकलेली होती आणि मला तिची कधी गरजही पडली नाही.

त्या स्कूटरवरच तू मला नेटवर्क शिकवलंस. पुस्तकातलं मी नंतर वाचलं. पत्त्याचा पुढचा भाग लेआउटचं, म्हणजे वसाहतीचं नाव सांगतो, मागचा भाग घराचा नंबर. कुठपर्यंत लेआउट आणि कुठून घर, हे मास्क सांगतो. मास्कमध्ये दोनशे पंचावन्न लिहिलंय तिथपर्यंत लेआउट, शून्य आलं की तिथून घरं. लेआउट तेच असेल तर शेजाऱ्याला थेट हाक मारायची, लेआउट वेगळं असेल तर गेटावरून जायचं. शून्य नंबर कुणालाच द्यायचा नाही, कारण ते लेआउटचंच नाव असतं. आणि शेवटचा दोनशे पंचावन्नही द्यायचा नाही. का, ते सांगायला तू स्कूटर थांबवलीस. कोपऱ्यावर पालेभाजीवाली "सोप्पू, सोप्पू" ओरडत चालली होती. "ऐकलंस? ती कुणा एकीला हाक मारत नाही. सगळ्या क्रॉसला एकदम मारते. दोनशे पंचावन्न म्हणजे ही." मधली दोनशे चोपन्न घरं राहायला मोकळी. मी आजही मुलांना हे असंच सांगते आणि पालेभाजीवालीला त्यात धरते.

आणखी एक भांडण वर्गांचं. अभ्यासक्रमात पत्त्यांचे ए, बी, सी असे वर्ग आहेत. पहिला आकडा एकशे सव्वीसपर्यंत असेल तर ए, एकशे अठ्ठावीसपासून बी, एकशे ब्याण्णवपासून सी. ए म्हणजे अफाट लेआउट, सी म्हणजे आपलं दोनशे चोपन्न घरांचं. मी हे फळ्यावर लिहीत असले की तू दारात येऊन उभी राहायचीस आणि बाहेर आल्यावर मला धरायचीस. "हे वर्ग आता आहेत कुठे ग? कुणाला तीनशे घरं हवीत तर त्याच्या गळ्यात पासष्ट हजारांचं लेआउट बांधायचं, बाकीची जागा ओसाड. म्हणून तर सोडलं ना ते? आता मास्क लावायचा आणि हवं तिथे कापायचं." मी म्हणायचे, परीक्षेत येतं. तू म्हणायचीस, परीक्षेत येतं म्हणून खरं होतं का? त्याचाही निकाल राहिलाच. तू गेल्यानंतरच्या पहिल्या तासाला मला नेमका हाच धडा होता. एकशे सत्तावीस कुठल्याच वर्गात का नाही, ते सांगायचं होतं. तो आकडा यंत्राने स्वतःशी बोलायचा असतो. हाक मारायची, ती दारातूनच मागे वळते आणि आपल्याच कानात पडते. ते लिहून मी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिले. मुलं समजूतदार निघाली, वह्यांत उतरवत राहिली. आत्ता हे लिहिणंही मला तसलंच वाटतंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तर अप्पा. तुला काळजी असणार, म्हणून सगळं नीट क्रमाने सांगते.

सतीश पुण्याहून आला होता. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि मग तुझा हा धाकटा भाऊ मला म्हणाला, "माधवीताई, स्पष्टच बोलतो. अप्पांना इथे एकटं ठेवणं मला शक्य नाही. मी त्यांना घेऊन जातो."

अप्पा आतून म्हणाले, "बेड." नको, एवढंच. मग बाहेर येऊन म्हणाले, "तुझ्या अकराव्या मजल्यावर मी करू काय, सती? इथले क्रॉस मला ठाऊक आहेत. सकाळी मी माझा जातो, माझा येतो."

मी मध्ये पडले. सकाळी कामाला जयम्मा येते, स्वयंपाक करून जाते. तू लावलेला कॅमेरा आहे, अप्पांच्या गळ्यात बटण आहे, दाबलं की घंटा वाजते आणि फोनवर कळतं, दार उघडलं की कळवणारा पहारा आहे. तू हे सगळं कॉलेजातून बघायचीस, आता मी बघेन. दहा मिनिटांवर तर राहते. सतीश विचार करून म्हणाला, ठीक आहे, मी रविवारी निघेपर्यंत हे तुमच्या फोनवर चालताना दिसलं तर अप्पा राहतील. मी हो म्हणाले, आणि त्याच दुपारी इंटरनेटचं कनेक्शन तुझ्या नावावरून सतीशच्या नावावर करायला माणूस आला. त्याने राउटरचा जुना डबा काढून नेला, नवा बसवला. वायफायचं नाव आणि पासवर्ड मी मुद्दाम जुनेच ठेवायला लावले, म्हणजे घरातल्या वस्तू आपणहून जोडल्या जातील.

जोडल्या गेल्या. कॅमेऱ्याचा निळा दिवा लागला, घंटेचा लागला. पण दिसेना काही, आणि बटण दाबलं तर फोन गप्प. सतीशच्या फोनवर नेट उत्तम चालत होतं. माझ्या फोनवर वायफायची खूण होती आणि नेट मात्र नाही. मला वाटलं, माझा फोनच म्हातारा झाला. मी आपलं मोबाइलचं नेट लावलं आणि काळजी करत बसले. काळजी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे तूच म्हणायचीस.

आणि अप्पा भलतंच बोलायला लागले. मी स्टुलावर चढून कॅमेरा बघत होते, तर खालून म्हणाले, "डोळा तिथं नाही ग. डोळा पद्मम्माच्या घरी आहे." पद्मम्मा म्हणजे समोरच्या बाजूच्या त्या, ज्यांना क्रॉसवर कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात कसली पिशवी, सगळं ठाऊक असतं. मी म्हटलं, काय अप्पा? तर म्हणाले, "डोळा पद्मम्माच्या घरी. गंटे डॉक्टरांच्या घरी. तिथं विचारा, इथं सुम्ने का शोधता?" गंटे म्हणजे घंटा, तेवढं मला कळलं. बाकी काही कळलं नाही. सतीशने माझ्याकडे बघितलं. स्वयंपाकघरात आल्यावर हळूच म्हणाला, "ऐकलंत ना? मला सारखं हेच ऐकवतायत. ताई गेल्याचा धक्का आहे. पुण्यात स्मृतीचे चांगले डॉक्टर आहेत, मी वेळ घेऊन ठेवतोय." त्याचे डोळे भरले होते. मला त्याचा राग करता येईना. म्हातारं माणूस, लेक गेली, आता स्मरणही जाणार का, असं वाटून मी घरी येऊन जेवलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर दोन लेआउट काढत होते. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१, दोघांनाही दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, शून्य असा मास्क. बघा, म्हटलं, तिसऱ्या आकड्यात एकाचा फरक आहे, पण मास्क तिथवर पोचतो, म्हणून ही दोन लेआउटं वेगळी. ह्यातल्याने त्यातल्याला हाक मारली तर ऐकू जाणार नाही. आणि खडू माझ्या हातात तसाच राहिला. तुझं घर एकच्या लेआउटमध्ये राहत होतं. नवे डबे बरेचदा शून्याचं लेआउट घेऊन येतात. तुझ्या सगळ्या वस्तू हाताने लिहिलेले जुने पत्ते छातीशी धरून बसल्या होत्या, आणि माझा सदतीस नंबरचा फोनही त्यांच्यात होता. सतीशचा फोन चालला, कारण त्याने मुकाट्याने नवा आकडा मागून घेतला होता. तास सुटेपर्यंत मला धीर नव्हता.

सरळ तुझ्याकडे गेले आणि डब्याला शून्यावरून एकावर आणलं. लॅपटॉपवरून एकेका नंबराला हाक मारली. तू पिंग शिकवलं होतंस ते आठवत होतं. "आहेस का?" विचारायचं, समोरून "आहे" आलं तर यंत्र जिवंत. तुझ्या घरात तर माणसंही हेच करायची. तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "अप्पा, इद्दीया?" आणि ते खोलीतून म्हणायचे, "इद्दीनी." आहेस का, आहे. मी आले की दिवसातून कितीदा ऐकायचे ते. तर बरेच नंबर "आहे" म्हणाले. कोण आहे, ते मात्र एकही सांगेना. स्वस्तातल्या वस्तू त्या, त्यांना नावं नाहीत. आणि मला नेमका नंबर हवाच होता. घरातले पत्ते घरापुरतेच असतात, बाहेरच्या जगाला फक्त गेट दिसतं. कॉलेजातून मी विचारलं तर तो प्रश्न आत कुणाकडे न्यायचा, हे गेटावरच्या डब्याला आधी सांगून ठेवावं लागतं. चुकीच्या दारात सोडला तर उत्तर येणार नाही. तुझ्या फोनमध्ये सगळं असेल, पण तो तुझ्या बोटाशिवाय उघडत नाही.

"रीसेट करा ना," सतीश म्हणाला. "सगळ्यांनाच. पहिल्यापासून सुरू होईल."

कॅमेऱ्याच्या पाठीवर बारीक भोक असतं, त्यात टोक खुपसून धरलं की तो सगळं विसरतो. तुझा पत्ता विसरेल, नव्या डब्याकडे आपणहून आकडा मागेल. म्हणजे अगदी माझं म्हणणं होतं तसं. पण मग तो पहिल्या मालकाच्या फोनवर परवानगीही मागणार, आणि तो फोन तुझा. परवानगी मिळाली नाही तर कॅमेरा म्हणजे नुसता डबा. सतीश म्हणाला, मग नवा घेऊ. पण रविवार दोन दिवसांवर होता आणि अप्पांची बॅग त्याने पलंगाखालून काढून ठेवलेली मी बघितली होती. आता दुसरं करणार काय? तुझ्या कपाटात साडीची पिन मिळाली. मी कॅमेरा उतरवला, उलटा केला आणि पिन सरळ केली. भोक इतकं बारीक की पटकन सापडेना.

अप्पा खुर्चीत बसून बघत होते. वैतागून म्हणाले, "अय्यो, किती वेळा सांगू ग? डोळा पद्मम्माच्या घरी आहे. गिरिजाने मला पाठ करून घेतलंय."

गिरिजाने. मी पिन खाली ठेवली.

"अप्पा," मी विचारलं, "पद्मम्मांच्या घराचा नंबर काय?"

"चोवीस." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यांच्या वर्गातल्या ढ मुलांचं काय होत असेल ते मला कळलं. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. "एवढी वर्षं येतेस, नंबर नाही बघितलास?"

मी कॅमेरा जागेवर लावला. डब्याला सांगितलं, प्रश्न आला की चोवीसकडे ने. फोनचं वायफाय बंद केलं, मोबाइलच्या नेटने बाहेरची वाट धरली आणि फोनवरचं कॅमेऱ्याचं बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. सतीश माझ्या खांद्यावरून बघत होता. आणि हॉल उघडला. वरून दिसत होता, थोडा तिरका. अप्पांचं टक्कल, सतीशची पाठ, माझी पाठ आणि माझा सुटलेला अंबाडा. बाजूला तुझी वेताची खुर्ची, तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. गिरिजा, मी तिथेच मटकन खाली बसले आणि मोठ्याने रडले. तू गेलीस त्या दिवशीही एवढी रडले नव्हते.

मग अप्पांनी बाकीचे सांगितले. गंटे डॉक्टरांच्या घरी, म्हणजे एकोणतीस. दाराचा पहारा बँकेतून रिटायर झालेल्या मॅनेजरांच्या घरी, बेचाळीस, कारण ते संध्याकाळी गेटाला तीन कुलपं लावतात. सगळं पाहणाऱ्या पद्मम्मांना डोळा, दुखण्याखुपण्याला डॉक्टर, कुलपाला मॅनेजर. म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात राहावं म्हणून तू अख्खा क्रॉस घरात आणून ठेवला होतास. एखादी वस्तू बंद पडली की अप्पांनी तुला फोनवर शेजाऱ्याचं नाव सांगायचं, तू तिकडून नंबर तपासायचीस. मला का नाही सांगितलंस? मी हसले असते म्हणून? हसलेच असते. पण सांगायचं होतंस.

सतीश अप्पांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला. मग म्हणाला, "अप्पा, हे आधी का नाही बोललात?"

"बोलतच होतो," अप्पा म्हणाले. "तू ऐकत कुठं होतास, तू डॉक्टर शोधत होतास."

सतीश हसला आणि लगेच रडायला लागला. तुझ्यासारखाच रडतो, नाक आधी लाल होतं. रविवारी एकटाच गेला. बॅग पुन्हा पलंगाखाली गेली. जाताना म्हणाला, सहा महिने बघू. मी हो म्हणाले, पण "बघू" या शब्दाने माझी झोप उडवली आहे. आता सहा महिने मीच बघायचं आहे.

त्या दिवशी निघताना मी सहज म्हणाले, "अप्पा, माझ्या फोनला गिरिजाने सदतीस दिलंय. सदतीस कोणाचं घर?"

त्यांना गंमत वाटली. "सदतीस? अय्यो, ते आपलंच की ग."

मी गेटापाशी आले, सोनचाफ्याखाली उभी राहिले आणि मधुमालतीची फांदी बाजूला केली. पाटीचा रंग गेलाय, पण आकडा वाचता येतो. मी तुला म्हणाले होते, मी पाहुणी, मला कसलाही चालेल. तू सुम्ने म्हणालीस. एवढं बोलायला काय झालं होतं तुला? मीही किती गोष्टी बोलले नाही म्हणा. या परक्या गावात मला घर वाटावं असं एकच घर होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. ते सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

आणि एक गोष्ट राहिली, तीच मला छळतेय. नव्या डब्याला कोण कोण जोडलंय त्याची यादी माझ्या फोनवर दिसते, जागं असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. त्यात तुझ्या फोनचं नाव होतं. माझा फोन अडला, कॅमेरा अडला, घंटा अडली, पण तुझा फोन पहिल्याच दिवशी बिनबोभाट जोडला गेला होता. म्हणजे त्यात पत्ता लिहिलेला नव्हताच. माझ्याशी इतकी वर्षं भांडलीस, घरातल्या घंटेलासुद्धा कायमचा नंबर दिलास, आपल्या घराचा नंबर मला दिलास, आणि स्वतःसाठी मात्र पाहुण्यासारखा, मिळेल तो आकडा मुदतीवर घेत राहिलीस. का ग? राहून गेलं? की तुझं डोकं दुखायचं, उन्हाने होतं म्हणायचीस, तेव्हापासून तुला काही वाटत होतं? मी हे कुणाला विचारू?

तुझा फोन अजून चालू का ठेवलाय, हे अप्पांना मी विचारलेलं नाही. जयम्मा सांगते, सकाळी ते कानातलं यंत्र लावतात तेव्हाच तुझा फोन चार्जिंगला लावतात. उघडत नाहीत, उघडता येतच नाही. नुसता लावतात. फोन जागा असला की तो मुदत संपायच्या आत डब्याला विचारतो, राहू का अजून? डबा म्हणतो, राहा. असं रोज. तो आकडा तुझ्या नावे कायमचा करून टाकणं मला दोन मिनिटांचं काम आहे. केलं नाही. असंच असू दे. सकाळी कॉलेजात पोचले की मी पद्मम्मा बघते, डॉक्टर बघते, मॅनेजर बघते, आणि सगळ्यात शेवटी तुझा ठिपका बघते. तो हिरवा असला की मला कळतं, अप्पा उठले, त्यांना तुझी आठवण झाली, आणि त्यांचे हात चालतायत. मग मी तासाला जाते.

थांब. हे लिहितालिहिता यादी उघडली तर तुझा ठिपका विझलाय. अप्पा तर खुर्चीतच आहेत, पेपर हातात आहे. हलतोय का? मघाशी हलला होता. जयम्मा आज आली नाही. विसरले असतील. चार्जरची पिन सैल झाली असेल. माझा दोनचा तास आहे, पण तो कुणीतरी घेईल.

मी निघते, गिरिजा. रिक्षावाल्याला सोनचाफा नाही सांगणार, तुझ्यासारखा मेन, क्रॉस आणि सदतीस नंबर सांगेन. गेटापासूनच ओरडेन, अप्पा, इद्दीया? आणि ते आतून इद्दीनी म्हणाले की आम्ही दोघं मिळून तुझा फोन चार्जिंगला लावू.